सहावी माळ

कुशाबाईंनी सहावी माळ घटावर बांधली, दोऱ्याचं टोक दातानं तोडलं आणि दोन पावलं मागं सरून बघितलं. आधीच्या पाचांपेक्षा ही भरगच्च झाली होती. कातरलेली हिरवीगार पानं आणि मधेमधे कळ्यांचे घोस. तेवढ्यात मागं सोनमच्या हातातलं आरतीचं ताट पडलं. कुंकू फरशीभर झालं.

"अगं, लक्ष कुठं हाय तुजं?"

सोनम कुंकवाकडं बघतच नव्हती. सुनेची नजर माळेवर होती.

"आत्या, ही कुठनं आणली?"

"माज्या तुकड्यातनं."

"तुमी उसात गेला व्हता?"

"मग? माज्या रानात जायला मला कुनाचा परवाना लागतोय व्हय?"

सोनम खाली बसली आणि पदरानंच कुंकू गोळा करायला लागली. ही पोरगी एरवी पदराला डाग लागू देणारी नव्हे. कुशाबाईंना नवल वाटलं, पण त्या आज खुशीत होत्या.

तो अर्ध्या एकराचा तुकडा त्यांना माहेराकडून मिळालेला. सातबारा त्यांच्या एकटीच्या नावावर. निरवांगीच्या अलीकडं, ओढ्याच्या कडेला. वर्षानुवर्षं त्यात त्यांनी शेवंती घेतली. इतरांची शेवंती दसरा हुकवायची, दिवाळी उलटल्यावर हसायची. कुशाबाईंची कधी हुकली नाही. अर्धं गाव त्यांना लागणीची वेळ विचारून जायचं. विचारायचा नाही तो फक्त पोटचा पोरगा. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरल्यावर इंद्रजितनं तिथं सरळ ऊस लावून टाकला होता.

आणि यंदा, वटपौर्णिमा झाल्यावर, तो आपण होऊन त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"आई, कवा लावली म्हंजी दसऱ्याच्या आसपास कळी धरती गं?"

कुशाबाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी सगळं सांगितलं. दिवस मोठा आहे तोवर शेवंती नुसती वाढत राहते. दिवस उतरायला लागला, रात्र लांबली, की ती कळीवर येते. म्हणून लागण अशी साधायची की उतरत्या दिवसानं तिला अंगापिंडानं भरल्यावर गाठावं. आणि रात्री जवळपास दिवा नको. मोटारीच्या खांबावरचा एक बल्ब पुरतो, तिला वाटतं अजून दिवसच आहे. इंद्रजितनं मान हलवत ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात खांबावरचा बल्ब काढला. वर म्हणाला, "तू मातर तिकडं फिरकू नकोस. उसात घोणस हाय."

घोणस कसली! आईला चकित करायचं होतं त्याला, उसाच्या पोटात शेवंती लावून. निमगावच्या बाजारात ओळखीची दिसेल त्या बाईला कुशाबाईंनी सांगितलं, "पोरगं रानाला लागलं माजं. मला इचारून लागण केली."

आज मात्र त्यांना राहवलं नाही. ऊस बाजूला सारत त्या मधोमध गेल्या. मोकळ्या जागेत शेवंती नव्हती. पुरुषभर वाढलेली अंबाडी होती, कळीवर आलेली. थोडा हिरमोड झाला. पण अंबाडी तरी अंबाडी, तीही उतरत्या दिवसाचीच, आणि रानात जे फुलेल ते देवीला, ही रीतच आहे. वास तेवढा उग्र होता, बोटं चिकट झाली. कुशाबाईंनी मनावर घेतलं नाही. हल्ली बियाणंच असलं येतं. वांग्याला वांग्याची चव राहिली नाही, तर अंबाडीनं काय घोडं मारलंय?

"आत्या, सोडू का ही?" सोनमनं माळेला हात घातला.

"खुळी का काय? घटावर चढलेली माळ दसऱ्याला घट उठल्याबिगर उतरत न्हाय. ठेव हात खाली."

बाहेर चपला वाजल्या. आरतीला जोतीराम तात्या आले, कुशाबाईंचे चुलत दीर आणि गावचे पोलीस पाटील. त्यांच्या मागोमाग इंद्रजित हातपाय धुऊन आत आला. तात्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले, डोळे मिटले. मग डोळे उघडले आणि हात जोडलेलेच राहिले.

"वहिनी, ही माळ कशाची?"

"अंबाडीची की. ओळखली न्हाय?"

तात्या पुढं झाले. एक पान त्यांनी चुरगळलं, नाकाशी नेलं. मग भिंतीला हात टेकून हळूच खाली बसले.

"अंबाडी न्हाय ही. गेल्या साली एका वाडीवर असल्याच झाडांचा पंचनामा झाला, मी पंच व्हतो. वहिनी, ह्यो गांजा हाय."

गांजा? देवीच्या घटावर? आपल्या हातानं? त्यांनी बोटं लुगड्याला पुसली. चिकटपणा गेला नाही. पुन्हा पुसली.

"कुनाच्या रानातली?" तात्यांनी विचारलं.

"माज्या."

"रान तुमचं, ठाव हाय मला. लावली कुनी?"

कुशाबाईंनी इंद्रजितकडं बघितलं. तो घटाकडं बघत होता. वटपौर्णिमेनंतरची ती संध्याकाळ त्यांना आठवली. कवा लावली म्हंजी कळी धरती गं. पण पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि आईला एवढंच दिसलं की लेकरू भ्यालंय.

"मी लावली," त्या म्हणाल्या.

तात्यांनी चमकून वर बघितलं. सोनमच्या तोंडून "आत्या" एवढंच निघालं. आणि इंद्रजितनं श्वास सोडला. लांब, पोटातून आलेला. पाठीवरचं पोतं खाली टाकल्यावर हमाल सोडतो तसा.

"तात्या, तिला काय कळतंय?" तो बोलायला लागला. आवाज जराही अडखळत नव्हता. "म्हातारं मानूस, दिसत न्हाय. कुनीतरी बी दिलं, तिनं टाकलं. सातबारा तिचा एकटीचा, घरच्यांचा काय संबंध न्हाय. आनि ह्या वयाच्या बाईला आत टाकत न्हाईत, वकिलाला इचारलंय मी."

"कवा इचारलंस?" कुशाबाईंनी विचारलं.

इंद्रजितनं नजर दाराकडं वळवली.

"आत्ता तर माळ चढली. वकिलाला कवा इचारलंस रं?"

सोनमनं तोंडावर पदर घेतला. म्हणजे हिलाही माहीत होतं. घरात ठाऊक नव्हतं ते एकट्या कुशाबाईंना, ज्यांच्या नावावर ते रान होतं त्यांना.

गांजाचा धक्का त्यांनी कसाबसा पेलला होता. हा पेलवेना. त्या घटाच्या पाटाला धरून उभ्या राहिल्या. त्याचं स्वतःचं तीन एकर रान होतं, पाणी होतं, ऊस होता. तरी त्यानं हाच तुकडा निवडला. लेकरू भ्यालं नव्हतं. आई कधी आळ अंगावर घेते याची वाट बघत होतं.

समईची वात तडतडली, ती कुशाबाईंनी सवयीनं सारखी केली.

"तात्या, देवीम्होरं खोटं बोलले मी," त्या म्हणाल्या. "लावली त्यानं. कवा लावायची ते मी सांगितलं. शेवंती म्हनून सांगितलं व्हतं."

"आई!"

त्यांनी माळेकडं हात नेले. दोऱ्याची गाठ त्यांनी पक्की मारली होती, सुटता सुटेना. शेवटी माळ ओढून तोडली आणि इंद्रजितच्या हातात दिली.

"घे. तात्यांच्या संगट जा."

"घट उठला न्हाय अजून," इंद्रजित पुटपुटला.

"ठाव हाय मला," कुशाबाई म्हणाल्या आणि फरशीवर उरलेलं कुंकू ताटात भरायला खाली बसल्या.