वेशीवरचा म्हातारा

चिगुसा हिमीला, आपल्या गावी, आईवडिलांकडे निघाली होती, पण खरं सांगायचं तर ती भेटायला निघालीच नव्हती. ती माल भरायला चालली होती. तोक्योत दिग्दर्शक निवा तिला म्हणाला होता, "अगं, आपल्या म्हाताऱ्याला आता नवीन वाक्य पाहिजे. पुढच्या पर्वात तोच हिरो. तुला सुचतं बघ असलं काहीतरी. दोन दिवस माहेरी जा, आराम कर, आणि येताना घेऊन ये." त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, असलं काहीतरी कुठून सुचतं ते. चिगुसाला चांगलं ठाऊक होतं, तरी तिने तिकीट काढलं.

चिगुसा लिहायची ती टीव्ही मालिका तशी फुटकळच. लोकांची जेवणंबिवणं झाल्यावर कधीतरी लागायची. त्यातल्या शूरवीराचा झगा म्हणजे रंगवलेला टॉवेल, राक्षस पुठ्ठ्याचा, आणि ड्रॅगन परवडत नसल्यामुळे शूरवीर नुसता आभाळाकडे बघून किंचाळायचा. तलवारी आणि जादूटोण्याच्या व्हिडिओ गेमवर लहानाची मोठी झालेली माणसं ती बघून हसून लोळायची, कारण त्या खेळांतला सगळा खुळेपणा तिच्यात जसाच्या तसा होता. त्या खेळांतल्या गावात एक तरी माणूस असा असतो, की त्याच्याशी कितीदाही बोला, तो तेच वाक्य बोलणार. मग पडद्यावर 'हो' आणि 'नाही' असे दोन पर्याय उमटतात. सगळे 'हो' दाबतात आणि पुढे जातात.

चिगुसाने असाच एक म्हातारा गावाच्या वेशीवर उभा केला. शूरवीर मोहिमेवर निघाला की तो विचारायचा, "छत्री घेतलीस का?" शूरवीर म्हणायचा, हो. म्हातारा समाधानाने मान हलवायचा, जरा थांबायचा, आणि पुन्हा, "छत्री घेतलीस का?" हो, हो, हो करता करता शूरवीर डोकं धरून खाली बसायचा. मालिकेत पाऊस कधी पडायचाच नाही. हे एवढंसं प्रकरण देशभर गाजलं. दुकानांतून ते वाक्य छापलेल्या छत्र्या विकायला आल्या, ऑफिसांत लोक एकमेकांना निरोप देताना तेच म्हणायला लागले.

आणि ते वाक्य तिच्या बाबांचं होतं. बाबांनी उभा जन्म गावची बस चालवली. गेल्या काही वर्षांत ते एकेक करत सगळं विसरले; आधी रस्ते, मग माणसं, मग जेवलो की नाही ते. उरलं ते हे एक वाक्य. एवढ्यावर भागलं असतं तरी चिगुसाने स्वतःला माफ केलं असतं. पण म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या नटाला जमेना, तेव्हा तिने सगळ्यांसमोर उभं राहून बाबा करून दाखवले. ती किंचित कलती मान, 'हो' ऐकल्यावरचं ते समाधान, आणि मग डोळ्यांतून ते पुसलं जाणं. सगळे पोट धरून हसले. सगळ्यात जास्त ती हसली.

घराच्या फाटकाशी शाळेतून परतणाऱ्या तीन-चार मुली उभ्या होत्या. आत पडवीत बाबा बसले होते.

"आजोबा!" एकीने हाक मारली.

"छत्री घेतलीस का?" बाबांनी विचारलं.

"हो!"

"छत्री घेतलीस का?"

एक मुलगी त्या शूरवीरासारखं डोकं धरून मटकन खाली बसली, बाकीच्या खिदळल्या आणि सगळ्या पळाल्या. बाबा त्यांच्यामागे हात हलवत राहिले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. चिगुसाला वाटलं, आल्या पावली परत जावं.

आई स्वयंपाकघरात बुरी नावाच्या माशात घालायला मुळा चिरत होती. "रोज येतात त्या पोरी," ती म्हणाली. "यांना वाटतं, आपल्याला भेटायला येतात."

"आई," चिगुसा म्हणाली, "ती मालिका..."

"मी पहिल्याच भागात ओळखलं." आईने मान वर केली नाही. "मान वाकडी करायला त्या नटाला कुणी शिकवलं?"

"मीच," चिगुसा म्हणाली.

"वाटलंच. चांगलं शिकवलंयस." तिने दुसरा मुळा पुढे ओढला. "राग आला होता मला. फोन करून तुला चांगली झापणार होते. मग म्हटलं, हिला तरी कुठे माहितीये."

"काय माहिती नाही?"

"दुसरीत असताना तू हॉस्पिटलात होतीस, आठवतंय?"

"डब्यातले पीच," चिगुसा म्हणाली. आजारी पोरांना मिळतात ते, पाकातले, गार. किती चैन वाटली होती तेव्हा.

"पीच," आई म्हणाली. "तुला पीच आठवणारच. सकाळी तू छत्री विसरलीस. हे म्हणाले, शाळा सुटायच्या वेळी स्टॉपवर आणून देतो. आणि विसरले. बर्फाचा पाऊस पडत होता आणि तू बाबा येणार म्हणून तिथंच उभी. किती वेळ, देव जाणे. न्यूमोनिया झाला. एका रात्री डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवलं होतं." तिने मुळा पातेल्यात लोटला. "त्यानंतर विचारायला लागले. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे. माझं नाव विसरले गं, पण हे नाही विसरत. दाराशी ती तुझी तेव्हाची पिवळी छत्री आहे ना, तिला हात लावू देत नाहीत."

चिगुसा तिथंच जमिनीवर बसली. वडिलांच्या उरावरचा एवढा धोंडा तिने उचलून देशाला हसायला दिला होता, वर त्याचे पैसेही घेतले होते. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटून काही उपयोग नाही हेही तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती निघाली. लख्ख ऊन पडलं होतं. ती दाराशी बूट घालत होती, तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले. ती कोण हे त्यांना कळलं नव्हतं. सकाळपासून ते तिला अहो म्हणत होते.

"छत्री घेतलीस का?"

'हो' तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. आजवर सगळ्यांनी त्यांना हेच दिलं होतं. पोरींनी, पोस्टमनने, आईने, तिने. पिच्छा सोडवायला 'हो'. चिगुसाने वर पाहिलं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "विसरले."

बाबांनी चपला शोधून घाईघाईने पायांत सरकवल्या, स्टँडमधून ती छोटी पिवळी छत्री ओढून काढली, आणि दार उघडून बाहेर आले. गंजलेल्या काड्या कुरकुरत उघडल्या. त्यांनी ती तिच्या डोक्यावर धरली आणि चालू लागले.

फाटकाशी कालच्या मुली होत्या. "आजोबा!" बाबांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. एवढ्याशा छत्रीखाली चाळिशीची बाई आणि तिचा म्हातारा बाप भर उन्हात चाललेले पाहून मुली हसायचं विसरल्या.

आणि नेमकं तेव्हाच चिगुसाच्या मनात आलं, काय प्रसंग आहे. वेशीवरच्या म्हाताऱ्याला शूरवीर एकदा 'नाही' म्हणतो. आणि मग तिला स्वतःचीच किळस आली. खिशातला फोन वाजला. निवाच होता.

"काय मग, मिळालं का काही?"

बाबा हात उंच धरून चालत होते. हात जराही खाली येत नव्हता.

"नाही," चिगुसा म्हणाली. "आणि सर, म्हाताऱ्यासाठी दुसरं कुणीतरी बघा. मी नाही लिहिणार तो." निवा काहीतरी बोलत होता, तोवर तिने फोन ठेवला.

स्टॉपवर कुणी नव्हतं. बाबा थांबले. त्यांनी छत्री तशीच तिच्यावर धरून ठेवली आणि तिच्या बाहीवरून हात फिरवून पाहिला, कोरडी आहे ना म्हणून.

"उशीर झाला मला, पोरी," ते म्हणाले. "फार वेळ उभी होतीस का?"

"नाही बाबा," चिगुसा म्हणाली. "आत्ताच आले मी."

बस आली आणि तिच्यासमोरून निघून गेली. ती चढली नाही.