पलंगाखालचे चौघे

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. सध्या एका पलंगाच्या पायाखाली असतो. वर झोपलेल्या आईंनी कूस बदलली की माझं बोलणं तुटतं. मित्रांनो, तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही चौघे एकाच तुळईच्या उरलेल्या तुकड्यातून निघालो. सुताराने कडा घासल्या आणि आम्हाला व्यायामशाळेत देऊन टाकलं. तिथे आमचं काम दार अडवून धरण्याचं. येणारा-जाणारा लाथ मारून जायचा. लाथेला मी

थांबा. कूस.

हं. लाथेला मी सरावलो होतो.

एक दिवस दारातून वाकून एक मुलगी आत आली. बेकरीतल्या ठेंगण्या ओट्यावर पीठ मळून मळून तिची पाठ कामातून गेली होती. घरी आई, तिला आपलं आपण उठता येत नव्हतं. आईला नीट उचलता यावं, एवढ्यासाठीच तिला ताकद हवी होती. पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'शिडी' ठेवलं.

नवखी म्हणून तिथे शिकवणाऱ्या सरांनी तिला हलकं वजन दिलं. दांड्याच्या टोकांना लावायच्या हलक्या चकत्या लहान, त्यामुळे दांडा पार जमिनीलगत. सगळ्यांत उंच तीच, आणि सगळ्यांत खाली वाकायचं तिनेच. पाठीची कमान व्हायची. इतरांना जमतं, तुलाच काय होतं, असं सर विचारायचे.

"त्यांना जमीन जवळ पडते, सर."

जमिनीवरून उचललं तरच ते उचलणं, यावर सर अडून बसले. एका संध्याकाळी तिची पाठ धरली.

सर तिला घरी सोडून आले. दुसऱ्या दिवशी पोरांना म्हणाले, तिच्या आईचा पलंग गुडघ्याच्याही खाली आहे, एका हाताने स्वतःची कंबर धरून आईला उठवत होती. मग त्यांनी आम्हाला दारापासून उचललं, दोन्हीकडे दोन-दोन रचलं आणि दांडा आमच्यावर ठेवला.

ती बरी होऊन परत आली. दांडा आपटला की माझ्या अंगातून कळ जायची. एकदा उभी चीरच गेली. पण तिची पाठ सरळ राहिली.

"आता दिसतंय काहीतरी," सर म्हणाले. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच, आणि तेही

कूस.

तेही तिचं होतं.

पुढे दांडा ठेवायला लोखंडी स्टँड आला. आम्ही पुन्हा दाराशी, लाथा खायला. तेव्हा तिनेच आम्हाला मागून घेतलं. पलंग उचलून धरायला सर स्वतः घरी आले.

उंच झालेल्या पलंगावरून आईंनी खाली पाहिलं. "आता उतरायला शिडी लागेल गं मला."

सरांनी मान खाली घातली. ती हसली. "आहे की घरात."

मी थकलोय, मित्रांनो. चिरेत धूळ बसली आहे. केर काढताना कधी फडकं फिरवलंत तर बरं वाटेल. आणि कुणाला अजून वाक म्हणण्याआधी, त्याचं काम जरा वर उचलून देता येतं का, ते

थांबा. ही कूस नाही. वजनच गेलं.

ती आईला उठवते आहे.