हाराचे हुक असलेली तसबीर

मी तसबीर बोलतेय. जिवंत बाईची तसबीर. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मला बघून एकदा जीपभर माणसं रडून गेली आहेत.

माझा जन्म धुळ्यात, देवपुरात, एका स्वयंपाकघरात झाला. दिपमालाने मला काढलं. लग्नाआधी तिने चित्रकलेचा कोर्स केला होता. लग्नानंतर तिचे ब्रश बिस्किटांच्या डब्यात बसून माळ्यावर गेले. या दसऱ्याआधीच्या साफसफाईत तो डबा खाली आला, आणि तिने समोर दिसलेल्या पहिल्या माणसाला गाठलं. ते माणूस म्हणजे तिच्या सासूबाई, मंजुळाबाई. त्या भरताची वांगी भाजत होत्या.

"सुरकुत्या थोड्या काढजो, बठ्ठ्या नको," म्हणजे सगळ्या नकोत, एवढी एकच अट घालून त्या बसल्या. दर पाच मिनिटांनी वांगं उलटायला उठायच्या, त्यामुळे माझा एक खांदा जरा वर गेला आहे. तो तसाच राहिला, आणि खरं सांगायचं तर तोच खांदा बाईंचा अगदी हुबेहूब आहे.

मग मी हारुनभाईंच्या दुकानात गेले. हारुनभाई फ्रेम फार सुबक करतात, पण सवय वाईट. म्हाताऱ्या माणसाचा फोटो आला, की ते न विचारता वरच्या दोन्ही कोपऱ्यांना हारासाठी पितळी हुक ठोकतात. "हुकांचं काही घेत नाही भाभी," ते हळहळून दिपमालाला म्हणाले. "चेहरा फार मायाळू होता त्यांचा."

"होता काय? आहे! घरी शेंगा सोलतायत त्या."

हारुनभाईंनी कान पकडले. हुक काढले तर लाकडाला भोकं राहतील म्हणाले. दिपमाला हसत सुटली आणि मला हुकांसकट घरी घेऊन आली.

आता प्रश्न आला मला लावायचं कुठे. दिपमालाचा नवरा नवल बँकेत आहे. तिथे तो काय करतो ते मला माहीत नाही, पण भिंतीशी त्याचं जमत नाही. पहिला खिळा वाकला, दुसरा उडून सोफ्याखाली गेला. शेजाऱ्यांचं ड्रिल मशीन आणलं, तर टीव्हीच्या भिंतीतली वायर तुटली आणि सगळ्या घरात अंधार झाला. मला एक कळलं आहे. घरात चित्र लावायला एक माणूस स्टुलावर चढतो आणि बाकीचे खालून "डावीकडे, अजून डावीकडे, अरे तुझ्या नाही, आमच्या डावीकडे" म्हणतात. सगळे दमले, की चित्र आढ्याजवळ वाकडं लागतं आणि सगळे म्हणतात, छान दिसतंय.

शेवटी हॉलमध्ये रिकामा खिळा सापडला तो एकच, दक्षिणेच्या भिंतीवर. त्या भिंतीवर नवलचे आजोबा, आजी आणि वडील असे ओळीने गेलेले लोक. ओळीच्या टोकाला जुन्या कॅलेंडरचा खिळा.

"तिथे नको," नवल म्हणाला. "ती गेलेल्यांची रांग आहे."

मंजुळाबाईंनी नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं. "ऱ्हाऊ दे रे. तुना बाप एकलाच शे तठे."

नवल पुन्हा स्टुलावर चढला. मी तिथे लागले. दिपमाला दारातून, सोफ्यावरून, स्वयंपाकघरातून मला पुन्हा पुन्हा बघून गेली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्या घराच्या भिंतीवर तिचं म्हणावं असं मी पहिलंच. मला फार भरून आलं.

मग दसरा आला. नवलने झेंडूचे हार आणले आणि हात चालेल तिथे घातले: दाराला, मोटरसायकलला, फ्रिजला. दक्षिणेच्या भिंतीवर आजोबा, आजी, वडील असं करत त्याच झोकात मलाही घातला. हुक होतेच! मी ओरडणार होते, पण तसबिरींना ती सोय नाही.

मंजुळाबाई तेव्हा एकविरेच्या देवळात गेल्या होत्या. तेवढ्यात धरणगावकडच्या त्यांच्या गावाहून भाईदास सोनं द्यायला आला. हा नवलचा चुलतभाऊ. त्याने मला पाहिलं, हार पाहिला, आणि त्याचा चेहराच पडला. सणाच्या दिवशी असलं विचारायचं कसं? आपल्याला कळवलंही नाही, म्हणजे घर रागावलेलं दिसतंय, असं त्याला वाटलं असावं. त्याने मुकाट्याने चहा घेतला, आपट्याची पानं माझ्या खाली ठेवली, हात जोडले आणि गेला. नवल म्हणाला, "भाईदासदादा किती भाविक झालाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. आमच्याकडे माणूस गेलं, की गावाकडचे लोक दारावर येतात, आणि बाया गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढतात. सगळ्यांत पुढे भाईदासची आई, कोकिळाबाई. मंजुळाबाईंची ही धाकटी जाऊ. एका लग्नात तिने मंजुळाबाईंच्या बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या पापडांना, जाड म्हटलं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

"माय वं! तुना हातना बिबडा आते माले कोन दी वं!" कोकिळाबाईंनी उंबऱ्यावर बैठक मारली.

आतून मंजुळाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "काय म्हननी? परत म्हन ते."

रडणं जागच्या जागी थांबलं. भाईदास हळूच जीपमागे गेला.

"मी जिती शे," मंजुळाबाई म्हणाल्या. "बिबड्यानं सांग."

कोकिळाबाईंनी डोळे पुसले आणि त्या भडकल्याच. "मरनी नही ते सांगानं व्हतं ना! कापूस येचनं टाकीसन उनू मी!" आणि मग जावेच्या गळ्यात पडून जी रडली बाई, ते मघाचं काहीच नव्हतं.

पण नवल शरमेने लाल झाला होता. त्याने मला भिंतीवरून उतरवलं आणि कपाटाकडे तोंड करून उभं केलं. "हे माळ्यावर टाक. नसती आफत!"

दिपमाला चहाचं आधण ठेवायला आत गेली. कपाटाकडे तोंड असूनही मला माळा दिसत होता, बिस्किटांचा डबा दिसत होता. माझ्यापेक्षा मला तिचीच काळजी वाटत होती. मी माळ्यावर गेले, की तिचे ब्रशही परत जाणार.

तेवढ्यात कोकिळाबाई म्हणाल्या, "दखू दे माले. इतली रडनू मी, पन चित्र दखंच नही."

त्यांनी मला फिरवून मांडीवर घेतलं आणि वर गेलेल्या त्या खांद्यावर बोट फिरवलं. "हाई ते आते बोली असं वाटस. कोनी काढं?"

"मी," दिपमाला दारातून म्हणाली.

"मंग माळावर कसाले?" त्या नवलकडे वळल्या. "मरेल मानसे भित्तीवर, आनि जिती बाई माळावर?"

पुन्हा ड्रिल मशीन आलं. यावेळी उत्तरेची भिंत. जीपमधल्या सगळ्या बायांनी आपापली डावी बाजू सांगितली. मंजुळाबाईंनी मात्र मला आपल्या हाताच्या उंचीवर लावून घेतलं. "दखासाठे मान कसाले मोडू?" समोरच्या भिंतीवर नवलचे वडील दिसतात, आता आम्ही दोघं समोरासमोर आहोत.

दिपमालाचे ब्रश आता खिडकीत असतात. कोकिळाबाई कापूस वेचून झाला, की चित्रासाठी बसायला येणार आहेत. सुरकुत्यांची अट त्यांनीही घातली आहे.

आणि हारुनभाईंचे हुक? एकावर मंजुळाबाई आपला चष्मा अडकवतात. सकाळी उठल्यावर त्यांना नीट दिसत नाही, मग त्या चाचपडत येतात. आधी माझ्या गालाला हात लागतो, मग खांद्याला, मग चष्मा सापडतो. या हुकांवर एक दिवस हार चढणार हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी चष्मा शोधायला तो हात येणार नाही. म्हणून माझी एवढीच विनंती आहे. सणावाराला या घरी आलात, तर हार घेऊन या, पण दाराला घाला. माझ्याकडे जागा नाही, चष्मा आहे.