लॉन्ड्री विकताना

मशीन बघायला ते दोघं आले तेव्हा ताई फरशी पुसत होती. खरं तर पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. लॉन्ड्री बंद होऊन बरेच आठवडे झाले होते, कपड्यांचे रॅक रिकामे होते, आणि नळाचं पाणीही तोडलेलं असल्यामुळे ती घरून बादली भरून आणायची. पण विकायला काढलेलं दुकान कुणाला घाणेरडं दिसू नये, एवढा एक हट्ट तिनं धरून ठेवला होता.

नवरा-बायको तरुण होते. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला होता, ती एका दवाखान्यात फोन घ्यायची. दोघांनाही नोकरीचा कंटाळा आला होता आणि लॉन्ड्री काढायची होती. हे सगळं त्यानं दारातच, चपला काढता काढता सांगून टाकलं.

"चपला असू द्या हो," ताई म्हणाली. "दुकानच आहे."

धाकटी बहीण तेवढ्यात मागच्या खोलीतून बाहेर आली. तिला सगळे छोटीच म्हणत, आता तिशी उलटली होती तरी. माणसं आली की तिच्या अंगात वीज संचारायची. तिनं दोघांना स्टुलावर बसवलं, मशीनवरची चादर ओढून काढली, दार उघडून आतला ड्रम हातानं फिरवून दाखवला. तो अजून गुळगुळीत फिरत होता. वाफेच्या इस्त्रीचं टेबल दाखवलं, सुकवायचं मशीन दाखवलं. आणि मग बोलायला लागली.

"एक सांगू? पहिलं म्हणजे भीती काढून टाका. नोकरीत महिन्याच्या महिन्याला पगार येतो ना, तेच आपल्याला पांगळं करतं. एक पाय होडीत आणि एक काठावर ठेवून नदी ओलांडता येत नाही. पूर्ण झोकून द्या स्वतःला. लोक नावं ठेवतील, ठेवू देत. तुम्ही दोघं आहात, तरुण आहात, हातपाय धड आहेत. अजून काय पाहिजे?"

चष्मेवाल्याचा चेहरा खुलत गेला. फडकं हातात धरून ताई ऐकत उभी राहिली. हीच वाक्यं तिनं आधी ऐकली होती, स्वयंपाकघरात, भांडी विसळताना. छोटी तेव्हा 'नोकरी सोडा, धंदा काढा' असं शिकवणाऱ्या एका शिबिराला जाऊन आली होती. मोठ्या हॉलमध्ये, माइक हातात घेऊन कुणीतरी दिवसभर सांगितलेलं ती घरी येऊन जसंच्या तसं म्हणून दाखवत होती. घटस्फोटानंतर दीड-दोन वर्षं छोटी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. त्या दिवशी ती हसत होती, हातवारे करत होती. ताईनं शाळेच्या ऑफिसातली नोकरी सोडली आणि लॉन्ड्रीसाठी स्वतःजवळची पुंजी काढली ती ते शिबिर पटलं म्हणून नव्हे. बहिणीच्या चेहऱ्यावर परत रंग आला होता, तो जाऊ नये म्हणून.

"मग तुमचं बंद का पडलं?" चष्मेवाल्याच्या बायकोनं विचारलं. खोचकपणे नाही, अगदी सरळ.

छोटीनं चादर परत मशीनवर ओढली. "बंद असं नाही. आम्ही जरा वेगळ्या दिशेनं विचार करतोय."

"बंदच पडलं," ताई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. छोटीनं डोळे मोठे करून तिला गप्प राहायची खूण केली. ताईनं फडकं बादलीच्या कडेवर टाकलं. पण आता तिला थांबता येईना.

"सुरुवातीला आजूबाजूच्या बिल्डिंगमधले कपडे यायचे. शर्ट, पँट, पडदे. कमाई थोडी होती, पण रोजची होती. मग छोटीनं हॉटेलचं काम मिळवलं. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. गाडी भरभरून माल यायचा. आम्हाला वाटलं, जिंकलो. दुसरं मशीन तेव्हाच घेतलं. दिवसरात्र हॉटेलचंच काम चालायचं आणि बिल्डिंगवाल्यांचे शर्ट कोपऱ्यात पडून राहायचे. उद्या या, परवा या. एक बाई तर आम्हाला म्हणाली, 'कपडे परत द्या, मळके असले तरी चालतील.' हळूहळू ती माणसं यायची बंद झाली. आणि मग हॉटेलवाल्यांनी तळघरात स्वतःचीच मशीनं बसवली. मॅनेजर फार सभ्य माणूस. चहा पाजून सांगितलं त्यानं."

"कपडे धुता धुता आम्हीच धुतले गेलो," छोटी हसून म्हणाली. हा विनोद तिनं आधीही केला होता. या वेळी कुणी हसलं नाही.

"म्हणजे आम्ही काढूच नये?" चष्मेवाल्यानं विचारलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"असं कुठं म्हणतेय मी? काढा की. पण दोघांनी एकदम नोकरी सोडू नका. एकाचा पगार घरात येऊ दे. एकाच गिऱ्हाइकाला सगळं दुकान देऊ नका, मग ते कितीही मोठं असो. ते उठून गेलं की दुकान उठतं." ती बोलता बोलता विचार करत होती, हे तिच्या तुटक आवाजावरून कळत होतं. "भाड्याची जागा घ्यायच्या आधी त्या गल्लीत फिरा. दारं वाजवा, विचारा, तुम्ही कपडे बाहेर देता का, कुणाला देता, त्याच्यावर खूश आहात का. मावशी-काकांना विचारू नका. ते हो म्हणतात आणि येत नाहीत. आमच्या उद्घाटनाला एवढे नातेवाईक आले होते, की रस्त्यावर उभं राहायला जागा नव्हती. त्यांतल्या एकाचाही शर्ट आमच्याकडे आला नाही. मशीन बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस कोण, तो किती लांब राहतो, ते आधी बघा. आणि..."

तिनं छोटीकडे पाहिलं.

"आणि काय?" बायकोनं विचारलं.

"थांबायचं कधी, ते आजच ठरवून ठेवा. अमुक इतकं झालं की थांबायचं. दोघांनी मिळून ठरवा आणि एकमेकांना सांगून ठेवा. नंतर ते ठरवता येत नाही. नंतर प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो."

चष्मेवाल्यानं उगाच मशीनच्या बटणांवरून बोट फिरवलं. मग "आम्ही विचार करून कळवतो" असं पुटपुटून दोघं उठले. जाताना बायकोनं ताईकडे वळून पाहिलं, काहीतरी बोलावंसं तिला वाटत होतं, पण नवरा पायऱ्या उतरूनही गेला होता.

छोटीनं काचेचं दार लोटलं आणि पाठ टेकून उभी राहिली.

"झालं समाधान? तीन महिन्यांत पहिलं गिऱ्हाईक आलं होतं, आणि तू हातानं घालवलंस त्याला."

"खोटं बोलून विकायचं का?"

"मी काय खोटं बोलले? मशीन चालतं, ते खोटं आहे?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "ताई, हे सगळं तुला माहीत होतं?"

"काय?"

"हेच. एका गिऱ्हाइकावर विसंबू नका. नोकरी सोडू नका. थांबायचं कधी ते ठरवा. दोन परक्या माणसांना घडाघडा सांगितलंस. मला का नाही सांगितलंस?"

ताई स्टुलावर बसली. तिला खरं उत्तर द्यायचं होतं, आणि खरं उत्तर एक नव्हतं. "निम्मं आत्ता बोलता बोलताच कळलं," ती म्हणाली.

"आणि उरलेलं निम्मं?"

ताईनं बादलीच्या कडेवरचं फडकं उचलून पिळलं. हॉटेलच्या कागदांवर सही करायची होती त्या दिवशी तिला हे खटकलं होतं. तिनं पेन उचललं होतं, खाली ठेवलं होतं. समोर छोटी नवीन ओढणी घेऊन बसली होती, लहानपणी वाढदिवसाला बसायची तशी. ताईनं सही केली होती.

"तू किती खूश होतीस," ती शेवटी म्हणाली.

"म्हणून मला बुडू दिलंस?" छोटीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. "मला लहान मुलासारखं सांभाळलंस तू. मी तुझी भागीदार होते ना? भागीदाराला माणूस सांगतो गं. भांडतो, सांगतो. तू माझी समजूत काढत बसलीस."

ती पर्स उचलून निघून गेली. ताईनं बादलीतलं पाणी बाहेरच्या गटारात ओतलं आणि कुलूप लावलं.

आठवडाभरानं चष्मेवाल्याची बायको एकटीच आली. त्यांनी तसंच केलं होतं, गल्लीत फिरून आले होते. त्यानं नोकरी ठेवायची आणि तिनं सोडायची, असं ठरलं होतं. त्यांना धुवायचं एकच मशीन हवं होतं, सुकवायचं मशीन, आणि इस्त्रीचं टेबल. दुसरं मशीन नको म्हणाली, तुम्हीच सांगितलंत ना. मग जरा चाचरत तिनं विचारलं, "तुम्ही सकाळी अर्धा दिवस याल का आमच्याकडे? पगार फार नाही देता येणार. पण मला कुणीतरी जाणतं माणूस हवंय, जे तोंडावर नाही म्हणेल."

ताईला नोकरीची गरज होती. तिनं होकार दिला.

ही बातमी तिनं घरी सांगितली तेव्हा छोटी आईच्या खोलीत कपाट आवरत होती. तिनं मान वर केली नाही. "छान," एवढंच म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "त्यांची लॉन्ड्री चालेल बघ. त्यांना तू मिळालीस." त्यात टोमणा किती आणि खरं किती, ते ताईला कळलं नाही. आईनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि काही न विचारता भाजी निवडायला घेतली. पुढच्याच महिन्यात छोटी दुसऱ्या शहरात मैत्रिणीकडे राहायला गेली. उरलेलं मशीन भंगाराच्या भावात गेलं. ते टेम्पोत चढवायला चार माणसं लागली, आणि फरशीवर त्याच्या पायांचे चार गंजके डाग राहिले. ते काही केल्या निघाले नाहीत.

नवी लॉन्ड्री चालली. फार जोरात नाही, पण चालली. ताई सकाळी जायची, कपड्यांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावायची, डाग बघून गिऱ्हाइकाला आधीच सांगायची की हा निघणार नाही. चष्मेवाल्याची बायको प्रत्येक गोष्ट तिला विचारायची, कधी वाद घालायची, एकदा तर दोघींचं चांगलंच वाजलं. संध्याकाळी परत येताना ताईला वाटायचं, असंच व्हायला हवं होतं. फक्त समोर हिच्या जागी छोटी हवी होती.

छोटीचा फोन अधूनमधून यायचा. हवापाण्याचं, आईच्या गुडघ्यांचं बोलणं व्हायचं. लॉन्ड्रीचं नाव दोघीही काढत नसत. मग एका दुपारी तिचा आवाज वेगळाच आला, भरभर, चढता, तो जुना आवाज.

"ताई, मी दुकान बघितलंय. लहान मुलांचे कपडे ठेवणार. इतकी गोड जागा आहे ना! मोठी काच आहे समोर, आणि आधीच्या लोकांनी भिंतींना पिवळा रंगसुद्धा नुकताच दिलाय. सगळं तयार. परवा पैसे भरायचेत."

ताई फोन कानाला लावून उभी राहिली. पलीकडे एवढा आनंद होता, की गप्प बसणं अगदी सोपं होतं.

"आधीचे लोक का गेले गं?" तिनं विचारलं. "रंग नुकताच दिला होता म्हणतेस, मग सोडून का गेले? त्यांना गाठून विचारलंस?"

पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"तू ना," छोटी म्हणाली, "कधीच नुसतं 'वा' म्हणू शकत नाहीस." आणि फोन बंद झाला.

ताईनं परत लावला नाही. लावून काय बोलायचं? जे बोलायचं होतं ते या वेळी वेळेवर बोलून झालं होतं.

त्यानंतर फोन आला नाही. पावणेदोन महिन्यांनी आईकडून कळलं, की छोटीनं ती जागा घेतली नाही. दुसरी शोधतेय म्हणे. का नाही घेतली, ते तिनं आईला सांगितलं नव्हतं, आणि ताईबद्दल काही विचारलंही नव्हतं.

"तू कर की फोन," आई म्हणाली.

"करेन," ताई म्हणाली, आणि उद्याचा डबा भरण्यासाठी कणीक भिजवायला उठली.