मूळची की मुळीच

लेखिकाबाईंच्या स्वभावाबद्दल लोकांत दोन तट होते. जे साप्ताहिकातलं त्यांचं सदर वाचत, ते म्हणत, काय शांत बाई आहे हो, नुसतं वाचून रक्तदाब उतरतो. आणि जे त्यांच्या शेजारी राहत, ते काहीच म्हणत नसत, कारण भिंत पातळ होती.

सदराचं नाव ‘खिडकीपाशी’. त्यात बाई खिडकीत बसलेल्या असायच्या, हातात चहा, मनात कुणाबद्दल वाईट विचार नाही. खिडकी खरी होती, चहाही खरा होता. पण त्या खिडकीतून बाई बहुतेक वेळा कमरेपर्यंत बाहेर वाकून कुणाला तरी गाडी नीट लावायला सांगत असत. हसणं असो, काम असो, भांडण असो, बाईंचा वेग एकच, उतारावरच्या सायकलीचा. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर तो लोकांना ‘आता स्पष्ट दिसतंय का’ असं विचारायचा आणि घरी आल्यावर काहीही विचारायचा नाही. संसार सुखाचा होता.

दुखणं एकच. ताई बोलत नव्हती.

झालं होतं असं, की दोघी बहिणी पडद्यांचं कापड घ्यायला गेल्या होत्या. दुकानदाराने मापात हात आखडला आणि बाईंनी असा काही आवाज लावला, की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. ताईने दुकानदाराची माफी मागितली आणि बाईंना दंडाला धरून बाहेर काढलं. पुढच्या अंकात हाच प्रसंग छापून आला, फक्त माणसांची अदलाबदल झालेली. ओरडली ती थोरली, आणि समजूत घातली ती खिडकीपाशी बसणाऱ्या धाकटीने. बाईंनी हे लबाडीने केलं नव्हतं, देवाशपथ. लिहायला बसल्या की त्यांना खरंच तसं आठवायचं. पण ताई शाळेत शिकवायची. शिक्षकांच्या खोलीत जो तो तिला विचारू लागला, काय मग, आज कुणाचे पडदे फाडले? तिने फोन करून एवढंच म्हटलं, की एकदा तरी खरं लिही, आणि ठेवला. तेव्हापासून बाई फोनकडे बघून उसासे टाकत आणि ‘मी का आधी करू’ म्हणत तो उशीखाली ढकलत. जीव मात्र तिकडेच लागलेला.

अशात संपादकांनी विशेषांकासाठी विषय दिला, ‘माझा स्वभाव’. बाई हरखल्या. हा लेख वाचून आपली बहीण मनाने किती मऊ आहे हे ताईला कळेल, ती विरघळेल आणि फोन करील, असा बेत त्यांनी तिथल्या तिथे आखून टाकला. आधी नवऱ्याला विचारलं, माझा स्वभाव कसा आहे, अगदी खरं सांगा. नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, जरा तापट. झालं. मी तापट? मी? म्हणत बाई ज्या सुटल्या, त्या सासूबाईंच्या माहेरच्या सगळ्या माणसांना शिवून मगच परतल्या. नवऱ्याने मत मागे घेतलं.

बाई लिहीत हातानेच. त्यांच्या बोटांपुढे दोन कळफलकांनी प्राण सोडल्यावर संपादकांनीच तशी विनंती केली होती. पहिलं वाक्य ठरलेलं होतं, ‘मी मूळची शांत आहे.’ त्यातलं ‘मी’ लिहून झालं आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोक पाडायला घेतलं. बाई पेन हातात धरूनच जिना चढल्या. वर काय झालं ते विचारू नका, पण यंत्र बंद पडलं आणि वरचे गृहस्थ दार लावतानाही मान डोलावत होते. बाई धापा टाकत खाली आल्या आणि थरथरत्या हाताने वाक्य पुरं केलं. त्या थरथरीत ‘मू’चा उकार आखूड झाला, ‘ची’ची वेलांटी उडाली आणि शेजारच्या ‘ळ’च्या डोक्यावर जाऊन बसली. ‘मूळची’चं ‘मुळीच’ झालं. पुढचा लेख मात्र सरसर उतरला. मी आवाज चढवत नाही. माझ्या स्वयंपाकघरात भांडी वाजत नाहीत. शेजाऱ्यांना तर माझं अस्तित्वही जाणवत नाही.

साप्ताहिकातले मुद्रितशोधक व्याकरणाचे कडवे. त्यांच्यापुढे वाक्य आलं, ‘मी मुळीच शांत आहे.’ आता ‘मुळीच’ आलं की मागून ‘नाही’ यायलाच हवं, हे पोरंटोरंही जाणतात. त्यांनी ‘आहे’ खोडलं, ‘नाही’ घातलं आणि पुण्य लागल्याच्या समाधानात चहाला गेले.

अंक आला. वर ठळक अक्षरात, ‘मी मुळीच शांत नाही.’ आणि खाली ते न चढणारे आवाज, ती न वाजणारी भांडी! वाचक हसून हसून लोळले. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अंक घेऊन जिना उतरले, अस्तित्वाच्या ओळीवर बोट ठेवून बाईंना काही सांगायला गेले आणि हसता हसता दारातच बसले. संपादकांनी फोन करून म्हटलं, कमाल केलीत बाई. त्यांना बाईंनी जे सुनावलं, ते पलीकडच्या टेबलावर मुद्रितशोधकांना आपसूक ऐकू गेलं. पुढच्या अंकात चूक कबूल करा, नाहीतर मी सदर बंद करते, असं त्यांनी बजावलं.

तेवढ्यात नवरा दुकानातून लवकर घरी आला. डोळे लालभडक. बाई घाबरल्या. त्याने सांगितलं, दुकानात लेख वाचला, मग तक्त्यावरचं एक अक्षर दिसेना, गिऱ्हाइकाला नव्हे, मला. बाईंनी रागवायचं ठरवलं होतं, पण त्यांनाच हसू फुटलं. दोघं भिंतीला टेकून हसत असताना फोन वाजला. ताईचा.

पलीकडे ताईही हसत होती, लहानपणी हसायची तशी, नाकातून. बाईंना भरून आलं. इतके दिवस हेच तर ऐकायचं होतं. ताई म्हणाली, लिहिलंस बाई एकदाचं, तुझ्यात एवढी हिंमत असेल असं वाटलं नव्हतं. आता नुसतं ‘हो’ म्हटलं की काम फत्ते. नवऱ्यानेही खुणेने तेच सुचवलं. ‘हो’ अगदी ओठांवर आलं आणि तिथेच अडलं.

“ताई, ते मी नाही लिहिलं. मी ‘मूळची शांत’ लिहिलं होतं. छापताना चूक झाली.”

हसणं थांबलं. बाईंना वाटलं, गेलं सगळं, पण सायकल उताराला लागली होती.

“आणि दुकानात ओरडले मी. तुझ्यावर ढकललं. तू तर माझ्यासाठी माफी मागत होतीस.”

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“माहीत होतं मला,” ताई म्हणाली. “तू आणि स्वतःबद्दल असं लिहिणार? पहिल्याच ओळीत ओळखलं.”

“मग फोन कशाला केलास?”

“तू ‘हो’ म्हणतेस का ते बघायला. म्हणाली असतीस तर पुन्हा कधीच केला नसता.” ताईचाही आवाज आता धड राहिला नव्हता. “नीघ लगेच. पान मांडते तुझं.”

बाईंनी फोन तोंडाशी धरूनच नवऱ्याला ओरडून विचारलं, माझ्या चपला कुठे आहेत. ताईला फोन कानापासून लांब धरावा लागला, पण तिने तो ठेवला नाही.