थांबणाऱ्या माणसाला मत

लतिका वागळेने कार्टरला मत द्यायचं ठरवलं तेव्हा कार्टर निवडणुकीला उभाच नव्हता. चार वर्षांपूर्वी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक हरून तो जॉर्जियातल्या आपल्या गावी परत गेला होता. यंदा, चौऱ्याऐंशी साली, लढत रेगन आणि मॉन्डेल यांच्यात होती, आणि ती फारशी लढत नाही हे शॉमबर्ग गावातल्या मराठी मंडळींनाही दिसत होतं.

दिवाळीच्या जेवणाला सगळे नरेंद्र पाटकरांच्या बेसमेंटमध्ये जमले होते. लतिका आणि तिचा नवरा गिरीश दोघंही त्या वसंतात सिटिझन झाले होते. परत जाऊ, पुढच्या वर्षी नक्की जाऊ, असं म्हणता म्हणता वीस वर्षं गेली होती. हे त्यांचं पहिलंच मत. नरेंद्रने हसत विचारलं, "मग वहिनी, रेगनच ना?"

"नाही. मी कार्टरचं नाव लिहिणार आहे. यादीत नसलेलं नावही लिहिता येतं म्हणतात."

आधी कुणाला कळलंच नाही. मग हशा झाला. नरेंद्र म्हणाला, "अहो, वहिनींचं माहेर विक्रोळीचं! कार्टरची आई तिथेच नर्स म्हणून येऊन राहिली होती ना? माहेरचा माणूस म्हणून मत!"

लतिकाही हसली. खरं कारण सांगायचं तर बरंच मागे जावं लागलं असतं, आणि तिच्यात तेवढी ताकद नव्हती. ती वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये मदतनीस होती. म्हाताऱ्यांना उचलून, कुशीवर वळवून पाळी संपेपर्यंत पाठ भरून यायची. तिने ताटात आणखी थोडा भात घेतला आणि विषय संपला.

गाडीत गिरीश मात्र चिडला. "लोकांसमोर काय ते कार्टर कार्टर? मत वाया घालवायचंय तर घरी बस."

"तुम्हाला गॅरेजचं दार आठवत नाही का?"

गिरीशने रेडिओ लावला.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात, इराणमध्ये अमेरिकन वकिलातीतली माणसं ओलीस धरली गेल्यावर, कुणीतरी त्यांच्या गॅरेजच्या दारावर लाल रंगाने लिहिलं होतं: इराण्यांनो, परत जा. गिरीशने तो शनिवार रविवार दार घासण्यात घालवला होता, आणि रंग गेला नाही तेव्हा अख्खं दार तपकिरी रंगवून टाकलं होतं. पेट्रोल भरताना एका माणसाने लतिकाच्या अंगावर कॉफी फेकली होती. "मी इंडियन आहे," असं ती म्हणाली होती, आणि नंतर कित्येक दिवस त्या वाक्याचीच तिला लाज वाटत राहिली होती. म्हणजे इराणी असते तर चाललं असतं का? त्याच सुमारास तेरा वर्षांचा राजीव शाळेतून भुवई फुटून आला होता. बर्फावरून पडलो, म्हणाला. दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला तेव्हा कळलं की मारामारी झाली होती.

ते वर्षभर ती रोज बातम्या लावून बसायची. ओलिसांचा आज कितवा दिवस, तो आकडा रोज पडद्यावर यायचा. सगळी गल्ली म्हणत होती, बॉम्ब टाका. कामावरच्या बायका म्हणत होत्या, बॉम्ब टाका. आणि बॉम्ब पडले तर उद्या आपल्या घराचं काय होईल, या भीतीने ती त्या एका माणसाचा, कार्टरचा, चेहरा बघत राहायची. तो दर महिन्याला जास्त म्हातारा दिसायचा. त्याने सुटकेसाठी सैनिक पाठवले, त्यातले आठ वाळवंटात मेले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टीव्हीवर येऊन सांगितलं की जबाबदारी माझी. आणि पुन्हा बोलणी करत, वाट बघत राहिला. लोक त्याला भित्रा म्हणाले. तो हरला. ओलीस सुटले ते त्याची खुर्ची गेली त्याच दिवशी, पण सगळे जिवंत परत आले. लतिकाला तेव्हा वाटलं होतं, या माणसाचे आभार मानायला हवेत. पण तिला मतच नव्हतं.

निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यात इंदिराबाई गेल्या. टीव्हीवर दिल्लीतली जळणारी घरं दिसली. पगडी बघून माणसं मारली जात होती. लतिका सोफ्यावर बसून ते बघत होती आणि तिला बरंच काही बोलायचं होतं, पण गिरीशने उठून टीव्ही बंद केला. "बस झालं," एवढंच म्हणाला.

मंगळवारी सकाळी गिरीश ऑफिसला जाताजाता मत देऊन गेला. लतिका राजीवला घेऊन निघाली. तो आता अठराचा, कम्युनिटी कॉलेजात जाणारा, तिच्यापेक्षा हातभर उंच. त्याचंही पहिलंच मत. प्राथमिक शाळेच्या जिममध्ये टेबलं मांडली होती.

मत देण्यासाठी कार्डाला सुईने भोक पाडायचं होतं. लतिकाने टेबलामागच्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं, नाव लिहायचं असेल तर कुठे लिहू? बाईंनी कार्ड ठेवायच्या पाकिटावरची जागा दाखवली आणि आवाज खाली आणून सांगितलं, "पण उभा नसलेल्या माणसाचं नाव लिहिलंत, तर ते मोजतीलच असं नाही हं."

"चालेल," लतिका म्हणाली.

तिने नाव नीट, सुटं सुटं लिहिलं. आपल्याला काहीतरी मोठं वाटेल अशी तिची कल्पना होती. काहीच वाटलं नाही. पाय दुखत होते, एवढंच.

गाडीत बसल्यावर राजीव म्हणाला, "यू रिअली डिड इट? कार्टर?"

"हो. आणि तू?"

"रेगन."

"का रे?"

तो खिडकीबाहेर बघत बोलू लागला. मग इंग्रजीत बोलता बोलता मध्येच त्याच्या मोडक्या मराठीवर आला. "कारण तो थांबला, आई. कार्टर. वर्षभर थांबला. आणि ते पूर्ण वर्षभर मी इराणी होतो."

"पण ते एकदाच झालं होतं ना? शाळेतून फोन आला होता..."

"फोन एकदाच आला." त्याचा आवाज शांत होता. "रोज बसमध्ये टीव्हीवरचा दिवसांचा आकडा मोठ्याने म्हणायचे. मग मला मारायचे. रोज नाही. पण बऱ्याच वेळा."

लतिकाने हातात घेतलेली किल्ली तशीच राहिली. "कोण?"

"स्कॉट. आणि त्याचे मित्र."

"स्कॉट? तो आपल्याकडे जेवायला यायचा तो?"

"ते आधी, आई."

त्या वर्षी तिला वाटलं होतं, तो माणूस थांबला म्हणून आपलं मूल वाचलं. आणि मूल बसमध्ये बसून तो कधी थांबायचं थांबवेल याची वाट बघत होतं. बॉम्ब पडले असते तर तुला याहून वाईट मारलं असतं, असं तिला म्हणायचं होतं. ते तिला अजूनही खरं वाटत होतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिच्याच्याने ते म्हणवेना.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू खूप दमलेली असायचीस. आणि बाबा दार रंगवत होते."

दोघं घरी आली. त्याला क्लास होता, तिची कामाची पाळी तीनला सुरू व्हायची. तिने कामावर फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, काही कारण न देता. राजीवनेही क्लास बुडवला. तिने पोहे केले, आणि टेबलाशी बसून तो सांगत राहिला. बसमधली मागची सीट, जाकिटात भरलेला बर्फ, बघून न बघितल्यासारखं करणारा ड्रायव्हर. काही गोष्टी तो हसून सांगत होता. ती हसली नाही.

संध्याकाळी गिरीश आला तेव्हा टीव्हीवर निकाल लागूनही गेला होता. एकामागून एक राज्यं रेगनकडे चालली होती. "बघ, सांगत होतो ना," असं म्हणत त्याने बूट काढले आणि मग दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "काय झालं?"

"बसा," लतिका म्हणाली. "राजीवला तुम्हालाही काही सांगायचंय."

राजीवने तिच्याकडे पाहिलं, आता पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, अशा थकलेल्या नजरेने. मग त्याने खुर्ची पुढे ओढली.