उकाईदादांची पाठ

सिनेमातल्या गुंडांच्या पाठीवर गोंदण रंगवणं हा माझा धंदा. क्योतोच्या स्टुडिओत बावीस वर्षं मी ड्रॅगन आणि वाघ रंगवतेय, आणि नुसता कुंचला लागला तरी कुरकुरणारे नट पाहून मला गुंडगिरीचं कौतुक कधी वाटलंच नाही.

त्या विनोदी सिनेमासाठी दिग्दर्शक निशिवाकीने दोन खरे, निवृत्त गुंड आणले. उकाईदादा म्हणजे टोळीचे म्होरके, वय एकाहत्तर. टोळी मोडून बारा वर्षं झाली, आता लोणच्यांचं दुकान चालवतात. दुसरा इसोबे, टोळीतला उरलेला एकुलता एक माणूस. दुकानात मुळे चिरतो आणि अजूनही दादांच्या दोन पावलं मागून चालतो.

सकाळी दादा माझ्या खोलीत आले, दार लावलं आणि शर्ट काढला. पाठभर उसळी मारणारा मासा होता, पण नुसती काळी रेघ. आत रंगाचा ठिपकाही नाही. आमच्याकडे आधी रेघ काढतात, मग वर्षभर सुया टोचून टोचून रंग भरतात. अर्धवट गोंदण म्हणजे गडी कळा सोसू शकला नाही.

"तिसऱ्या बैठकीला पळालो," दादा म्हणाले. "चोवीस वर्षांचा होतो. तेव्हापासून बायको सोडली तर कुणी ही पाठ बघितलेली नाही. आज न्हाणीघराचा सीन आहे म्हणे. ताई, भरून दे एवढा. इसोबेला कळलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल मला."

"मग सिनेमाला नाही म्हणायचं ना."

"त्याला फार हौस. मला न विचारताच हो म्हणून बसला."

एवढा मोठा माणूस शर्ट छातीशी कवटाळून उभा होता. मला हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली. तीन तास खपून मी मासा लालभडक केला. "पाणी चालेल, पण घासायचं नाही," मी बजावलं. "घासलं की सगळं उघडं पडेल."

सीन साधा होता. दोन टोळ्या न्हाणीघरात एका साबणासाठी भांडतात. पाच टेक झाले, मासा टिकला. मग निशिवाकीच्या डोक्यात किडा वळवळला.

"इसोबे, तुम्ही दादांची पाठ घासा. साबण लावून, जोरात."

दादांचा चेहरा पांढराफटक पडला. मी कॅमेऱ्यामागून हातवारे करत होते, पण बघतो कोण?

इसोबे दादांच्या मागे बसला, पंच्याला साबण लावला आणि घासू लागला. हात झपाझप चालत होता, फेस उडत होता, पण पंचा पाठीपासून चार बोटं लांबच.

"अहो, हवा कसली घासताय?" निशिवाकी ओरडला.

"आमच्यात असंच असतं," इसोबे शांतपणे म्हणाला. "दादांच्या अंगाला हात लावायचा नाही. नियम आहे."

सगळं युनिट पोट धरून हसलं आणि तोच टेक पक्का झाला.

मंडळी जेवायला गेली. मी रंग पुसायला थांबले होते. दादा तसेच स्टुलावर बसून राहिले, इसोबे त्यांच्या मागे.

"असा नियम मी कधी केला रे?"

"नाही केलात."

"मग?"

"तुमचं अपेंडिक्स फुटलं होतं, तेव्हा तुम्ही बेशुद्ध असताना नर्सने तुम्हाला कुशीवर वळवलं. मी शेजारीच होतो."

"त्याला सव्वीस वर्षं झाली."

"हो."

"आणि तू एका शब्दाने बोलला नाहीस?"

"काय बोलणार, दादा? मला उलट बरं वाटलं. त्याआधीची आठ वर्षं बघत होतो, बाकीच्या म्होरक्यांच्या पाठी त्यांची माणसं घासायची. तुम्ही मला कधी जवळ येऊ दिलं नाहीत. वाटायचं, मीच कुठेतरी कमी पडतोय."

दादांनी पंचा उचलून खांद्यावरून मागे धरला.

"घास. जोरात."

इसोबेने घासलं. माझी तीन तासांची मेहनत लाल पाणी होऊन मोरीत गेली आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

"दुखतंय का, दादा?"

"दुखतंय," दादा म्हणाले. "पण थांबू नकोस."